काळ्या पट्ट्याचा नकाशा

माझ्या आजोबांचं मिरजेत किराणा मालाचं दुकान होतं. ते गेल्यानंतर माळा आवरताना उधारीच्या जुन्या वह्या सापडल्या. १९९८ च्या वहीत त्यांचं अक्षर टपोरं आहे, दुकानाच्या पाटीसारखं. २००३ च्या वहीत ओळीची सुरुवात नेहमीसारखी होते, पण शेवटाकडे जाता जाता अक्षर बारीक होत 'बाकी येणे'पाशी मोहरीएवढं उरतं. हात थरथरायला लागला २००५ साली, आणि तेव्हा आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेलं. म्हणजे वही दोन वर्षं आधीपासून सांगत होती. आजीसकट कुणीच ती त्या नजरेनं वाचली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "पार्किन्सन आहे. मेंदूतलं डोपामीन कमी झालंय, ते गोळीनं भरून काढू." मी तेव्हा सातवीत होतो. डोपामीन हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो असा. पुढे काही वर्षांनी तोच शब्द फोनमध्ये भेटायला लागला. डोपामीन हिट, डोपामीन डिटॉक्स, रील्समुळे लागलेली डोपामीनची चटक. आजोबांचं जे संपलं ते माझ्याकडे उतू जातंय की काय, असं मला बरेच दिवस वाटायचं. हसू नका, तुमच्यापैकी अनेकांच्या डोक्यात आत्ताही हाच घोळ असणार.

रसायन एकच आहे, हे खरं. पण ते बनवणाऱ्या पेशी एकसारख्या नाहीत. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यांपैकी मध्यमेंदूतल्या जेमतेम चार ते सहा लाख पेशी डोपामीन बनवतात. पार्किन्सनमध्ये त्यांच्यातल्या एका वस्तीतल्या पेशी भराभर मरतात आणि काही मिलिमीटरवर असलेल्या शेजारच्या वस्तीतल्या बऱ्याचशा टिकतात. दोन्हीकडे रसायन तेच, काम जवळपास तेच. मग एकीला मरण आणि दुसरीला जीवदान का? या प्रश्नाचा इतिहास मला विलक्षण वाटतो, कारण तो विचारला गेला, अर्धामुर्धा सुटला, आणि मग एका मोठ्या यशाच्या गडबडीत काही दशकं बाजूला पडला.

*

मध्यमेंदूचा आडवा काप घेतला तर दोन्ही बाजूंना एकेक काळपट पट्टा दिसतो. सूक्ष्मदर्शक लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी दिसतो. फेलिक्स विक द'आझिर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं १७८६ साली आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. हा माणूस राणी मारी आंत्वानेतचा वैद्य होता, त्यामुळे पुढच्या काही वर्षांत त्याच्या डोक्यावर वेगळ्याच काळज्या आल्या. पट्ट्याला नाव पडलं 'सब्स्टॅन्शिया नायग्रा', म्हणजे लॅटिनमध्ये निव्वळ 'काळा पदार्थ'. नाव ठेवणाऱ्यांना त्याचं काम काय हे ठाऊक नव्हतं, हे नावावरूनच कळतं. हा रंग न्यूरोमेलॅनिनचा. तान्ह्या बाळाच्या मेंदूत तो नसतो, वयाबरोबर साठत जातो.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सननं 'थरथरत्या लकव्या'वर छोटी पुस्तिका लिहिली. तिच्यात सहा रुग्ण आहेत, त्यांतले काही तर त्यानं रस्त्यात चालताना पाहिलेले. वर्णन इतकं नेमकं, की आजही वाचताना ओळखीचा माणूस डोळ्यांसमोर येतो. पण बिघाड कुठे आहे याचा त्याचा अंदाज चुकला. त्याला तो मानेजवळच्या मज्जारज्जूत वाटला. काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं गेलं ते शंभर वर्षांनी. १९१९ मध्ये कॉन्स्टान्टिन त्रेत्याकॉफ या रशियन तरुणानं पॅरिसमध्ये सादर केलेल्या प्रबंधात दाखवलं, की या रुग्णांच्या मेंदूतला तो पट्टा फिका पडलेला असतो आणि त्यातल्या पेशी नाहीशा झालेल्या असतात. बड्या मंडळींनी फारसं मनावर घेतलं नाही.

आणि मग आला रोल्फ हासलर. १९३८ साली, वयाची पंचविशीही गाठली नसताना, या जर्मन डॉक्टरानं एक कंटाळवाणं काम चिकाटीनं केलं. मेंदूचे काप एकामागून एक तपासत त्यानं त्या पट्ट्यातल्या पेशींचे गट पाडले, एकेका गटाला नाव दिलं, आणि मग रुग्णांच्या मेंदूत कुठल्या गटातल्या किती पेशी उरल्यात ते पाहिलं. उत्तर स्पष्ट होतं. पट्टा सगळीकडून सारखा झिजत नाही. खालच्या आणि बाहेरच्या बाजूचे गट जवळपास पुसले जातात, वरच्या बाजूचे बरेचसे शाबूत राहतात. गावात साथ आली आणि एकाच आळीतली घरं रिकामी झाली, तसं. साथीचा अभ्यास करणारा माणूस अशा वेळी आधी विचारतो, की त्या आळीतल्या विहिरीत काय आहे?

हासलरकडे विहिरीत डोकवायचं साधन नव्हतं. त्याचा नकाशा छापला गेला आणि तज्ज्ञांच्या कपाटात राहिला.

*

मधल्या काळात गोष्ट भलत्याच वाटेनं पुढे गेली, आणि ती वाट मुंबईवरून जाते.

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे शतकानुशतकं वापरात आहे, झोपेसाठी, वेडाच्या झटक्यांसाठी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे तिचे परिणाम प्रसिद्ध केले. त्या लेखानं सगळ्या जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं, ते रिझर्पीन. रक्तदाबाच्या या गोळ्या जगभर खपल्या. मात्र ती घेणारे काही जण हळूहळू ताठर होऊ लागले, चेहऱ्यावरचे भाव गेले, हात थरथरू लागले. औषधातून पार्किन्सनसारखं काहीतरी तयार होत होतं.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात अर्विद कार्लसननं १९५७ मध्ये हेच रिझर्पीन सशांना दिलं. ससे लुळे पडले, कान खाली लोंबले. मग त्यांना डोपा टोचलं. डोपा म्हणजे शरीर ज्यापासून डोपामीन बनवतं तो कच्चा माल. काही मिनिटांत कान उभे राहिले, ससे चालू लागले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये कॅथलीन मॉन्टेग्यूनं मेंदूत डोपामीन असल्याचं दाखवलं होतं. हे रसायन प्रयोगशाळेत १९१० सालीच बनवलेलं होतं, पण तोवर त्याला कुणी विचारत नव्हतं. १९६० साली लंडनमधल्या परिषदेत कार्लसनच्या म्हणण्यावर ज्येष्ठांनी नाकं मुरडली. त्याच वर्षी व्हिएन्नात एहरिंगर आणि हॉर्निकीविच यांनी मृत रुग्णांचे मेंदू तपासले. काळ्या पट्ट्यातल्या पेशींचे तंतू जिथे पोचतात तिथलं डोपामीन जवळपास संपलेलं होतं. १९६१ मध्ये तिथेच रुग्णांना एल-डोपाची इंजेक्शनं दिली गेली आणि अंथरुणावरून उठू न शकणारी माणसं उठून चालली. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्सियासनं ते तोंडावाटे, मोठ्या मात्रेत, हळूहळू वाढवत द्यायची पद्धत बसवली. आजोबांची गोळी ती हीच.

जाता जाता, एल-डोपा खाजकुयलीच्या बियांत भरपूर असतं. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ सालीच त्या बियांतून वेगळं काढलं होतं, आणि १९७८ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी खाजकुयलीचं चूर्ण पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. पण कुणी लगेच परसातल्या शेंगा तोडायला जाऊ नये. त्यांच्या कुसळांनी आधी कातडीची आग होते, आणि बीमधली मात्रा दर वेळी सारखी नसते.

एल-डोपाचं यश खरं होतं आणि प्रचंड होतं. त्याची एक किंमत मात्र मोजावी लागली, ती विचारांत. आजाराचं वर्णन 'डोपामीनची कमतरता' असं झालं. पेशी मागे पडल्या, रसायन पुढे आलं. त्याला भर मिळाली एका अतिशय सुंदर तंत्राची. स्वीडनच्याच फाल्क आणि हिलार्प यांनी १९६२ मध्ये दाखवलं, की गोठवून वाळवलेल्या मेंदूच्या कापाला फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली की डोपामीन असलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. हिलार्पच्या दोन तरुण विद्यार्थ्यांनी, डाल्स्ट्रम आणि फुक्स यांनी, १९६४ मध्ये उंदराच्या मेंदूतले असे गट मोजून त्यांना क्रमांक दिले. मध्यमेंदूतले तीन गट म्हणजे ए ८, ए ९ आणि ए १०. ए ९ म्हणजे आपला काळा पट्टा. ए १० त्याच्या आतल्या बाजूला, त्याला व्हीटीए म्हणतात. रील्सवाल्या डोपामीनबद्दल जे काही बोललं जातं ते बहुतेक या वस्तीबद्दल असतं.

काप पाहणाऱ्याला मात्र सगळं एकाच हिरव्या रंगात दिसे. मला वाटतं, त्या हिरव्या रंगानं जितकं दाखवलं तितकंच झाकलं.

*

आता विजेकडे वळू, कारण पेशींमधला फरक तिथे सापडला.

प्रत्येक चेतापेशीच्या आवरणात प्रथिनांची बारीक छिद्रं असतात. ती आयन चॅनल. एखाद्यातून फक्त सोडियम आत येतं, एखाद्यातून पोटॅशियम बाहेर जातं, एखाद्यातून कॅल्शियम आत येतं. छिद्र कधी उघडायचं हे ज्याचं त्याचं वेगळं. काही विजेचा दाब बदलला की उघडतात, काही आतलं कॅल्शियम वाढलं की, काही पेशीतली ऊर्जा घटली की. ही गणितं हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२ मध्ये समुद्रातल्या माखल्याच्या जाड तंतूवर बसवली. एकेका छिद्रातून जाणारा प्रवाह मोजायचं तंत्र नेहर आणि साकमान यांनी १९७६ मध्ये आणलं. काचेच्या अतिबारीक नळीचं टोक पेशीला चिकटवायचं आणि किंचित ओढ द्यायची. त्याला पॅच क्लॅम्प म्हणतात.

१९८० च्या दशकात डोपामीन पेशींवर सुया लावल्या गेल्या तेव्हा एक गंमत कळली. या पेशींना काम करायला कुणी सांगावं लागत नाही. मेंदूतून काप वेगळा काढून क्षारपाण्यात ठेवला, बाकी मेंदूशी संबंध तोडला, तरी त्या सेकंदाला एक ते पाच वेळा, संथ ठेक्यात, आपापल्या टकटक करत राहतात. हृदयातली गती ठरवणारी पेशी करते तसं. यांची विद्युतलहरही इतर चेतापेशींपेक्षा रुंद असते. संथ ठेका, रुंद लहर, आणि ऋण दाब दिला की हळूहळू वाढणारा एक खास प्रवाह. हे तीन गुण दिसले की वहीत 'डोपामीन पेशी' असं लिहायचं, अशी पद्धत पडली.

ती पद्धत सोयीची होती, पण तिच्यात चोर होता. ज्या पेशी या वर्णनात बसत नव्हत्या त्यांची 'डोपामीन नसलेल्या' म्हणून गणतीच होत नव्हती. ओळखपत्र तपासणाऱ्यानं विशिष्ट नाकाच्याच माणसांना गावात घ्यावं आणि मग या गावातल्या सगळ्यांचं नाक सारखं असतं असा निष्कर्ष काढावा, तसं ते होतं.

इकडे पॅरिसच्या एका गटानं अमेरिकेच्या अ‍ॅन ग्रेबिएलबरोबर १९८८ मध्ये पुन्हा हासलरचाच प्रश्न हातात घेतला आणि नेमकेपणानं मोजून दाखवलं, की रुग्णांच्या मध्यमेंदूतल्या डोपामीन पेशी गटागटानं वेगवेगळ्या प्रमाणात मरतात. प्रश्न पन्नास वर्षांनी परत मंचावर आला. आणि आता विहिरीत डोकवायला काचेची नळी हाताशी होती.

*

योखेन रोपर आणि बिर्गिट लिस यांनी २००० च्या आसपास त्या नळीचा दुहेरी उपयोग केला. आधी नळीनं पेशीची टकटक मोजायची. मग त्याच नळीतून पेशीतला द्रव शोषून घ्यायचा आणि कुठल्या जनुकाचा संदेश किती प्रती आहे ते मोजायचं. वागणूक आणि तिच्यामागचा कारखाना, दोन्ही एकाच पेशीतून. २००१ मध्ये त्यांनी दाखवलं, की काळ्या पट्ट्यातली पेशी किती जलद टकटक करेल हे बरंचसं केव्ही ४.३ नावाच्या पोटॅशियम चॅनलच्या संदेशांच्या संख्येवरून सांगता येतं. हा चॅनल दोन ठोक्यांमधल्या चढावर मागे ओढतो. तो जास्त असेल तर पेशी संथ, कमी असेल तर जलद. म्हणजे शेजारीशेजारी बसलेल्या दोन पेशींचा ठेका वेगळा, आणि त्याचं कारण मोजता येण्याजोगं.

त्याच वर्षी याच मंडळींनी आणखी एक चॅनल पुढे आणला, एसके ३. पेशीत कॅल्शियम शिरलं की तो उघडतो आणि पेशीला थोडा विसावा देतो, त्यामुळे ठेका घड्याळासारखा नियमित राहतो. मधमाशीच्या विषात अ‍ॅपामिन नावाचं द्रव्य असतं, ते नेमकं या चॅनलच्या तोंडावर बसतं. ते टाकलं की काळ्या पट्ट्यातल्या पेशींचा ठेका विस्कटतो. व्हीटीएमधल्या पेशींत एसके ३ मुळातच कमी, त्यामुळे त्या आधीपासूनच जरा बेताल.

२००८ चा प्रयोग मला सगळ्यांत आवडतो. स्टेफान लामेल, रोपर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूत ठिकठिकाणी चमकणारे सूक्ष्म मणी टोचले. तंतूंची टोकं ते मणी गिळतात आणि उलट दिशेनं पेशीपर्यंत नेऊन पोचवतात. यामुळे कुठली पेशी कुठे तंतू पाठवते ते कळतं. आता ओळख वर्णनावरून नाही, पत्त्यावरून पटणार होती. कपाळामागच्या मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या पेशी सापडल्या त्या जुन्या व्याख्येत बसतच नव्हत्या. त्यांचा ठेका संथ नव्हता, त्या कितीतरी जलद जाऊ शकत होत्या. तो खास प्रवाह नगण्य होता. डोपामीन वाढलं की स्वतःला आवर घालणारी यंत्रणाही त्यांच्यात दिसली नाही. ज्यांना वर्षानुवर्षं दारातून परत पाठवलं होतं त्या या. आणि त्या डोपामीनच बनवत होत्या.

म्हणून 'डोपामीन वाढलं' हे वाक्य ऐकलं की मी आता विचारतो, कुठल्या पेशीचं? उत्तर सहसा मिळत नाही.

*

ठेक्याचा फरक समजला, पण मरण्याचा?

काळ्या पट्ट्यातल्या पेशीचं आयुष्य खर्चिक असतं. उंदराच्या जातीतल्या प्राण्यात अशा एका पेशीच्या तंतूच्या सगळ्या फांद्या जोडल्या तर लांबी सरासरी अर्धा मीटर भरते, आणि प्राणी स्वतः त्याहून लहान असतो. माणसात एक पेशी दहा लाखांहून अधिक जोडण्या सांभाळत असावी असा अंदाज आहे. त्यात दिवसरात्र टकटक. त्यात भर म्हणजे या पेशी प्रत्येक ठोक्याला कॅल्शियम आत घेतात, मुख्यतः सीएव्ही १.३ या चॅनलमधून. कॅल्शियम आत राहिलं तर पेशीला घातक, म्हणून ते सतत बाहेर उपसावं लागतं. उपसायला ऊर्जा लागते, ऊर्जा बनवताना धूर होतो, म्हणजे पेशीला गंजवणारी रसायनं. व्हीटीएतल्या आणि वरच्या बाजूच्या अनेक पेशींत कॅल्शियम इतक्या प्रमाणात येत नाही, शिवाय ते पकडून ठेवणारं कॅलबिंडिन नावाचं प्रथिनही असतं.

शिकागोच्या जेम्स सर्मायर यांच्या गटानं २००७ मध्ये नेचरमध्ये लिहिलं, की उंदराच्या पिल्लात याच पेशी कॅल्शियमवर अवलंबून नसतात, वय वाढल्यावर ही सवय लागते. चॅनल बंद केला तर पेशी थोडा वेळ थांबते आणि मग लहानपणची जुनी रीत आठवून पुन्हा टकटक करू लागते. अशा 'तरुण' केलेल्या पेशी विषापुढे जास्त टिकल्या. आणि चॅनल बंद करायला नवीन काही शोधायची गरजही नव्हती. इसराडिपिन नावाची गोळी बाजारात होती. कशाची? रक्तदाबाची.

त्या वर्षी ही बातमी वर्तमानपत्रांत आली असेल आणि कुणाच्या तरी घरी कात्रण काढून ठेवलं गेलं असेल, याची मला खात्री आहे. आमच्याकडे आजोबांच्या गोळीचा असर तेव्हा चार तासांवरून तीनवर आला होता. एल-डोपा उणीव भरून काढतं, पण पेशींचं मरण थांबवत नाही. मरण थांबवणारं औषध तेव्हाही नव्हतं, आजही नाही. त्यामुळे 'आधीच मान्यता असलेली स्वस्त गोळी कदाचित पेशी वाचवेल' हे वाक्य लाखो घरांसाठी केवढं होतं, ते समजून घ्या. डेन्मार्कमधल्या औषधांच्या नोंदींतही या जातीच्या काही गोळ्या घेणाऱ्यांत पार्किन्सन कमी दिसत होता.

सर्मायर यांच्याच गटानं २००९ मध्ये आपलं पहिलं म्हणणं थोडं दुरुस्त केलं. कॅल्शियम चॅनल पुरता बंद केला तरी ठेका थांबतोच असं नाही, म्हणजे ठेक्यासाठी कॅल्शियम अटळ नव्हतं. उलट हे आशादायकच होतं. पेशीचं काम न बिघडवता तिचं ओझं कमी करता येईल. मग अमेरिका आणि कॅनडात मोठी चाचणी झाली. नुकतंच निदान झालेले, एल-डोपा सुरू न झालेले ३३६ रुग्ण. निम्म्यांना रोज दोनदा ५ मिलिग्रॅम इसराडिपिन, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. ३६ महिने.

निकाल २०२० मध्ये आला. दोन्ही गटांत फरक नव्हता.

कारणांची चर्चा अजून चालते. मात्रा मेंदूत पुरेशी पोचली नसावी. ती वाढवली तर रक्तदाब उतरतो, कारण हीच गोळी सीएव्ही १.३ पेक्षा रक्तवाहिन्यांतल्या त्याच्या भावंडाला जास्त घट्ट धरते. शिवाय लक्षणं दिसतात तोवर पट्ट्यातल्या जवळपास निम्म्या पेशी गेलेल्याच असतात. ही सगळी कारणं खरी असू शकतात. तसंच, प्रयोगशाळेतला उंदीर काही आठवड्यांत विषानं आजारी पडतो आणि माणूस वीस-तीस वर्षांत, हेही. मला विचाराल तर सिद्धान्त मोडला असं म्हणायला पुरावा नाही, आणि तो सिद्ध झाला असं म्हणायला तर अजिबातच नाही. चॅनल एकच दोषी नसावा हे मात्र आधीच दिसलं होतं. १९९५ मध्ये 'वीव्हर' नावाच्या उंदरांत एका पोटॅशियम चॅनलमधला एकच घटक बदललेला सापडला, आणि त्यांच्याही काळ्या पट्ट्यातल्याच पेशी जास्त मरतात. २००५ मध्ये लिस आणि रोपर यांनी ऊर्जा घटल्यावर उघडणारा के-एटीपी चॅनल काढून टाकला तर उंदरांत या पेशी वाचतात असं दाखवलं. हा तोच चॅनल, ज्यावर मधुमेहाच्या काही जुन्या गोळ्या स्वादुपिंडात काम करतात.

*

माणसाच्या बाबतीत गोष्ट आणखी गुंतते. मुंबईच्या पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात लाखामागे सुमारे ३२८ जणांना पार्किन्सन आढळला, त्या काळच्या आकड्यांत फार जास्त. आणि बंगळुरूच्या निमहान्समध्ये १९९८ साली भारतीय मेंदूंतल्या काळ्या पेशी मोजल्या, तर त्या ब्रिटिश मेंदूंपेक्षा सुमारे ४० टक्के कमी निघाल्या, पण निरोगी माणसात वयाबरोबर त्या घटताना दिसल्या नाहीत. नुसती संख्या कमी असणं म्हणजे आजार नव्हे, एवढं तरी यातून कळतं. कुठल्या पेशी आहेत ते पाहावं लागतं.

ते पाहिलं गेलं २०२२ मध्ये. अमेरिकेतल्या तुषार कामत, इव्हान मकोस्को आणि सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंतल्या एकेका डोपामीन पेशीतले जनुकांचे संदेश वाचले. हिरव्या रंगात एकसारख्या दिसलेल्या पेशींचे दहा प्रकार निघाले. पार्किन्सनमध्ये त्यांतला एकच प्रकार मोठ्या प्रमाणात नाहीसा होतो. तो काळ्या पट्ट्याच्या खालच्या थरात बसतो. हासलरनं १९३८ साली पुसल्या गेलेल्या पेशी दाखवल्या होत्या, त्याही खालच्याच.

त्या प्रकाराची खूण म्हणून जे जनुक सापडलं ते एजीटीआर १. हे नाव मी शोधून पाहिलं आणि आजीच्या औषधांचा डबा आठवला. शरीर रक्तदाब वाढवण्यासाठी जो संदेश पाठवतं, तो पकडणारं हे प्रथिन. टेल्मिसार्टन, लोसार्टन या आपल्याकडे घरोघरी असलेल्या गोळ्या यालाच अडवतात. सर्पगंधा, इसराडिपिन, आणि आता हे. तिसऱ्यांदा रक्तदाबाची गोळी त्याच पट्ट्याच्या दाराशी येऊन उभी. ही फक्त खूण आहे, या गोळ्यांनी पेशी वाचतात असं त्या शोधानं दाखवलेलं नाही. तेव्हा आपल्या मनानं कुणाची गोळी सुरू किंवा बंद करू नका.

आजोबा २०१४ मध्ये गेले. शेवटच्या वहीत त्यांनी लिहिलेलं एकच पान आहे. मी ते फोनच्या कॅमेऱ्यात मोठं करून वाचलं. 'तूरडाळ २ किलो, गूळ १, बाकी येणे ८५.' आकडे शेवटपर्यंत बरोबर आहेत.